खिडकीतून पुन्हा गाडीवर

६ जानेवारी, सोमवार
वजन ८३.४. मागच्या सोमवारी ८२.८ होतं. आठवडाभर भात नाही, साखर नाही, तीन उपास, आणि काटा वर! काट्यालाच लाथ घातली. अंगठ्याला लागलं.

थायरॉईडपायी गाडीवरून काढून डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलं, त्याला हा चौथा महिना. अकरा वर्षं पैठण गाडीवर कंडक्टर होते मी, कितीही गर्दी असो, मागच्या सीटपर्यंत सरसर जायची. आता दोन पायऱ्या चढले की धाप. साहेबांनी आज बोलावलं. महाशिवरात्रीला वेरूळच्या जादा गाड्या, माणसं कमी. डॉक्टरांनी लिहून दिलं तर एक दिवस गाडीवर घेऊन बघू म्हणाले, नाहीतर खिडकी कायमची. कायमची! पण सात आठवडे हातात आहेत. सोम-गुरु-शनि उपास चालूच आहेत, उद्यापासून मंगळवारही धरते.

९ जानेवारी, गुरुवार
काय लिहू, कुठून सुरुवात करू!

थायरॉईडचा रिपोर्ट पुन्हा वाईट. टीएसएच ३८, हवा पाचच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालू असताना एवढा कसा, बाटली दाखवा. दसऱ्याला घेतलेली शंभर गोळ्यांची बाटली. संपत आलेली हवी होती, निम्मी भरलेली निघाली. मी ठणकावून सांगितलं, तुम्हीच म्हणाला होतात उपाशीपोटीच घ्यायची. आमच्यात उपासाच्या दिवशी पूजा होईस्तोवर पाण्याचा थेंब तोंडात घालत नाहीत. पूजा झाली की सासूबाई लगेच चहा देतात. चहा पोटात गेल्यावर पोट उपाशी राहिलं का? मग त्या दिवशीची गोळी सोडायची. मी तर नियमच पाळत होते!

बाईंनी बोटांवर आठवड्याचे उपास मोजले. मग म्हणाल्या, "ताई, वजन उतरावं म्हणून तुम्ही उपास वाढवले, आणि जितके उपास वाढले तितक्या गोळ्या बुडाल्या."

म्हणजे मी आळशी नव्हते! चार महिने घरच्यांनी ऐकवलं, मीही स्वतःला कमी ऐकवलं नाही. रडू आलं, हसूही आलं, दवाखान्यातच. बाईंनी बजावलं की गोळीनं वजन झरझर उतरत नसतं, थकवा कमी होईल, चालायचं तुम्हालाच. गोळी साध्या पाण्यासोबत, चहा तासाभरानं. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. चालेल की!

१० जाने.
सासूबाईंना सांगायची धास्ती होती. पूजेआधी गोळी म्हटल्यावर काय बोलतील कोण जाणे. त्या गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "औषध म्हंजे काय जेवण हाय व्हय? आधी इचारायचं नाय का, येडे." संपला विषय. एवढे दिवस मीच माझ्या मनानं सोवळं पाळत होते.

ह्यांनी 'लई झोपते ही' असं चारचौघांत म्हटलं होतं. आज नळाला पाणी आलं तेव्हा टाकी, हंडे सगळं न सांगता भरलं. मीही बघून न बघितल्यासारखं केलं.

२४ जाने., शुक्रवार
वजन ८३.६. रोज गोळी, रोज सिडकोतल्या मैदानाला फेऱ्या, आणि हे! चिडचिड पल्लवीवर काढली. बारावीची पोर, तिच्या डोक्याला आधीच ताप. नंतर तीच जवळ बसली आणि उपासाला मी काय काय खाते ते वहीत मांडलं. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस. म्हणे, मम्मी, तुझा उपास जेवणापेक्षा जड आहे. हसून हसून पोट दुखलं. सोमवार तेवढा ठेवला, बाकीचे सोडले.

७ फेब्रु., शुक्रवार
गजराआधी जाग!!! किती महिन्यांनी. अंग हलकं. डेपोचा जिना कठडा न धरता चढले. वरून बघते तर शेखभाई, माझे पैठणचे ड्रायव्हर, खाली उभे. "क्या ताई, आज तो एक्स्प्रेस हो गये." मग नव्या कंडक्टरची तक्रार, घंटी वेळेवर देत नाही म्हणून. दुसऱ्याची तक्रार ऐकून बरं वाटू नये, पण लई बरं वाटलं. वजन ८२.७.

२१ फेब्रु., शुक्रवार
टीएसएच ९! ३८ वरून ९!! दवाखान्याच्या दारातूनच ह्यांना फोन. वजन ८१.९. बाईंच्या मते अजून पल्ला आहे. वेरूळच्या एका दिवसाचं लिहून दिलं, पण अंगाला कसं वाटलं ते लपवायचं नाही ही अट. खाकी ड्रेस कपाटातून काढला, पोटावरचं बटण लागेना. पल्लवीनं बाजूची शिलाई उसवून दिली. आरशासमोर दोनदा बिल्ला लावून बघितला.

२६ फेब्रु., महाशिवरात्र
गोळी, मग पूजा, मग उपासाचा चहा. आणि गाडी! शेखभाईच होते. स्टँडवर नुसती झुंबड. "मागं सरका, मागं जागा हाय" म्हणून आवाज टाकला, आणि सगळी गाडी सरकली. माझा आवाज तसाच आहे! तीन फेऱ्या कशा गेल्या कळलं नाही.

चौथीला दौलताबादच्या घाटात डोळ्यांपुढं अंधारी. बसले. शेखभाईंनी आरशात बघितलं, गाडी हळू घेतली. घाट संपला तशी उठले. पाचवी फेरी उभ्यानं.

२७ फेब्रु., गुरुवार
आठला उठले, पाय सुजलेले. डेपोत साहेबांनी कागद पुढं केला, कालचं लिहून द्या म्हणाले. घाटातलं गाळलं तर गाडी मिळाली असती. शेखभाई कुणाला सांगणारे नाहीत. पेन दोनदा खाली ठेवलं. मग लिहिलं, चौथ्या फेरीला चक्कर आली, काही वेळ बसावं लागलं, पाचवी पूर्ण केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. उद्या ड्युटीचा फळा बघा म्हणाले, एवढंच. खिडकी की गाडी, चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

फळ्यावर नाव निघालंच तर पैठणची पहिली गाडी साडेपाचला सुटते. चहाआधी तास हवा, म्हणून गजर साडेतीनचा लावला.