सातवा धडा आणि सात किलोंची टर्की

मंगळवार, १ डिसेंबर १९७०
पुण्याहून श्रीमंतचं पत्र. नाताळला येतोय, करुणाला आणि बेबीला घेऊन. ज्या भाच्याला मी आईविना वाढवलं, त्याला भिंगारची वाट अडीच वर्षांनी सापडली. बेबी दीड वर्षाची झाली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.
पत्राची शेवटची ओळ: ‘आत्या, स्वयंपाकाचा त्रास घेऊ नकोस. करुणा डबा आणेल. बेबीचं पोट नाजूक आहे.’
डबा! नाताळला! माझ्या घरी!
एकोणतीस वर्षं मी मुलींना गृहशास्त्र शिकवलं. सातवा धडा, ‘अन्नाची शुद्धता’, मला पाठ आहे. ‘संशय आला की टाकून द्या’ हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आपोआप चालायचा.
अडुसष्टच्या ईस्टरला करुणा आजारी पडली, तीन दिवस इस्पितळात होती, हे खरं. पण त्याचं कारण स्टॅंडवरचा उसाचा रस. माझं कोल्ड चिकन नव्हे. मी हे तेव्हाच सांगितलं होतं. जरा मोठ्याने सांगितलं असेल. इस्पितळात सांगायला नको होतं, असं श्रीमंतचं म्हणणं.
निश्चय: टर्की करणार. अख्खी. भट्टीत भाजलेली. बघू कोण डबा उघडतं.

गुरुवार, ३ डिसेंबर
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी दिलेलं जुनं कुकरी बुक ट्रंकेतून काढलं. पौंडाला वीस मिनिटं. इतकं सोपं. लोक उगाच बाऊ करतात.
गोजरबाईला सांगितलं. ती माझ्याकडे बावीस वर्षं स्वयंपाक करतेय. मी शास्त्र बघते, ती हात चालवते. तिने विचारलं, टर्की म्हंजी काय? मी चित्र दाखवलं. ती म्हणाली, “बाई, हे तर गिधाड हाय.”
निश्चय क्रमांक दोन: महिनाभर गोजरबाईवर ओरडायचं नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर, संध्याकाळी
ओरडले. तिचीच चूक होती.

सोमवार, ७ डिसेंबर
आबासाहेबांकडे जाऊन आले. लष्कराच्या स्टोअर्समधून रिटायर झाल्यावर त्यांनी कोंबड्या पाळल्यात, त्यांत पाच टर्क्या. एक नर माझ्याकडे बघून फुगला आणि गळ्याची लाल झोळी हलवून ओरडला. आमच्या जुन्या इन्स्पेक्टरसाहेबांची आठवण झाली. तोच ठरवला.
आबासाहेब म्हणाले, “बाई, तो जून आहे. मादी घ्या, लवकर शिजेल.” मी म्हटलं, मला शिजवणं शिकवू नका. ते म्हणाले, “शिकवत नाही बाई, माझी सून तुमच्याच वर्गात होती.” यावर ते का हसले, कळलं नाही.

गुरुवार, १० डिसेंबर
पुस्तकात म्हटलंय, मांस आतपर्यंत तापलं पाहिजे, थर्मामीटर लावून पाहा. घरात तापाचा थर्मामीटर होता. उकळत्या पाण्यात बुडवून प्रयोग केला. फुटला.
हल्ली माल चांगला येत नाही.
पारा पडलेलं पातेलं फेकून दिलं. चांगलं पातेलं होतं. गोजरबाईने काचा वेचल्या आणि माझ्याकडे बघितलं. तिचं हे बघणं मला अजिबात आवडत नाही.

मंगळवार, १५ डिसेंबर
रंगीत तालीम. एक साधी कोंबडी, खाली शेगडी, झाकणावर निखारे. बाहेरून उत्तम रंग. आतून किंचित कोवळी राहिली. कोवळी म्हणजे कच्ची नव्हे.
मी खाल्ली नाही, भूक नव्हती. मांजरीला घातली.

बुधवार, १६ डिसेंबर
गोजरबाई सांगत होती की मांजर रात्रभर ओकली. मी म्हटलं, ती उंदीर खाते त्याचं काय?
तिचं मत: “बाई, आमी जून कोंबडा आदी उकडून घेतो. मऊ झाला की मग भाजायचा. त्यो गिधाड बी आदी उकडा.” उकडायचं! म्हणजे इस्पितळातलं जेवण. मी नकार दिला. ती म्हणाली, “बरं,” आणि जिरं निवडायला बसली.
आज बाजारातून एक लहान खुर्ची आणली. लाल रंगाची. लहान मुलं आली-गेली तर घरात असावी.

शुक्रवार, १८ डिसेंबर
सहादेवच्या बेकरीत गेले. नाताळात आमच्या गल्लीतले सगळे केकचे डबे त्याच्याच भट्टीत जातात, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. टर्कीची चिठ्ठी भिंगारच्या इतिहासात पहिलीच असावी.
सहादेव भट्टी किती तापली हे कसं बघतो? चिमूटभर पीठ आत टाकतो आणि ते किती वेळात काळं पडतं ते बघतो. हे शास्त्र! मी तीनशे पंचवीस डिग्री फॅरनहाइट सांगितलं. तो म्हणाला, “बाई, मला पीठच कळतं.”
त्याचं म्हणणं, पहाटे पाव निघाले की भट्टी उतरत जाते, सात किलोंच्या पक्ष्याला ती आच पुरणार नाही, पुन्हा लाकूड घालावं लागेल. मी पुस्तक दाखवलं: मंद आच. त्याने पुस्तकाला हात जोडले. पुस्तकाला की मला, माहीत नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर
आबासाहेबांनी दुपारी पक्षी कापून, साफ करून पाठवला. बरोबर सात किलो. बर्फाची लादी भुशात घालून आणवली आणि टर्की रात्रभर बर्फावर ठेवली. यात मी काटेकोर आहे. आयुष्यात एकदा – नाही, यात मी नेहमीच काटेकोर होते.
पोटात भरायला पाव, कांदा, काळीज. पुस्तकात लिहिलंय, आयत्या वेळी भरा. सकाळी भरणार.
हिशेब: पाच तास दहा मिनिटं. साडेसहाला आत, अकरा चाळीसला बाहेर.

शुक्रवार, २५ डिसेंबर, सकाळी ७
टर्की भट्टीत. सहादेवने पुन्हा विचारलं, “लाकूड घालू का?” नको म्हटलं.

११ वाजता
चर्च आटोपून सव्वादहाला बेकरीत गेले. सहादेवने दार उघडलं. सोनेरी! चित्रातल्यासारखी! एवढा रंग आल्यावर आणखी भाजणं म्हणजे जाळणं. सहादेव म्हणाला, “बाई, रंग वरचा असतो. आणखी दीड-दोन तास तरी राहू द्या.” केक करणाऱ्यांना मांसातलं काय कळणार? काढून आणली. श्रीमंतचा टांगा दारात थांबला. आले.

दुपारी ४
लिहायला हवं.
बेबी माझ्यासारखी दिसते. नाक विशेष. लाल खुर्चीत बसली आणि उठायला तयार नव्हती.
करुणाने डबा कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर पदर सोडून उभी राहिली, मला दिसू नये म्हणून. मी बघितलाच नाही असं दाखवलं. टर्की टेबलावर आली तेव्हा श्रीमंत म्हणाला, “बाप रे आत्या!” लहानपणी सायकल आणली होती तेव्हा असंच म्हणाला होता.
मग करुणाने आपली ताटली पुढे केली. सगळ्यांत आधी. आणि म्हणाली, “आत्याबाई, बेबीलाही थोडं द्या. मऊसं बघून.”
मी टर्कीच्या मांडीला सुरी लावली. हाडाजवळ गुलाबी. सुरीमागून लालसर पाणी आलं. पक्ष्याची कापलेली बाजू माझ्याकडे होती, दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. ‘रसरशीत आहे’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. असे शब्द माझ्याकडे नेहमी तयार असतात.
बेबीने तोंड उघडलं. खाली चार दात.
मी सुरी ठेवली. म्हटलं, “हे कच्चं आहे. कुणी हात लावू नका.”
गोजरबाईने परात उचलली आणि आत गेली. जाताना म्हणाली, “हात धुवा बाई, साबनानं. सुरी बी द्या हिकडं.” सातवा धडा, तिच्या तोंडून.
जेवलो डब्यातलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बेबीचा मऊ भात. पुऱ्या बऱ्या होत्या. मी चार खाल्ल्या.

शनिवार, २६ डिसेंबर
काल गोजरबाईने पोटातलं सारण टाकून दिलं, पक्षी लगेच तोडला आणि तांब्याच्या पातेल्यात दोन तास खळखळा उकळला. मग खोबरं-कांदा भाजून, काळा मसाला घालून रस्सा. रात्री वाढला. आधी स्वतः एक तुकडा दाबून, हाडापासून सोडवून मला दाखवला.
श्रीमंत तीनदा भाकरी मागून जेवला. करुणा म्हणाली, असा रस्सा तिने उभ्या जन्मात खाल्ला नाही. बेबीने धुऊन दिलेला तुकडा खाल्ला आणि हात पुढे केला, आणखी.
पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

सोमवार, २८ डिसेंबर
सकाळच्या गाडीने गेले. बेबी लाल खुर्ची सोडेना, म्हणून खुर्ची टांग्यावर बांधून दिली. नंतर वाटलं, द्यायला नको होती. इथे ठेवली असती तर तिच्यासाठी तरी यावं लागलं असतं.
श्रीमंत म्हणाला, “आत्या, ईस्टरला येतो.” मग पायरीवरून वळून हळूच विचारलं, “तेव्हा गोजरबाई असतील ना?”
मी म्हटलं, असेल. आत येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, “बगू. तुमी पुस्तक ट्रंकेत घाला आदी.”
घातलं.
टांग्यात चढताना करुणा पाया पडली आणि कानाशी म्हणाली, “आत्याबाई, त्या ईस्टरला मी उसाचा रस प्यालेच नव्हते. श्रीमंत एकटेच प्याले.” रागाने नाही म्हणाली. मी तिच्या पदराची पिन सारखी केली आणि टांगेवाल्याला उशीर करतो म्हणून झापलं.
माहीत आहे मला. एप्रिलचा उकाडा. कोंबडी आदल्या संध्याकाळची, जाळीच्या कपाटात उघडी.
सकाळी वास आला होता.
मी वरून लिंबू पिळलं.