स्वल्प जागा

इंदिरानगर, बंगळूर
९ मार्च १९९७

प्रिय भगवंतराव,

व्याह्यांना पत्र ‘स. न. वि. वि.’ने सुरू करायचं असतं, आणि सुखदा सून होऊन आमच्या घरी आल्यापासून सात वर्षं मी ते नेमाने पाळलं. आज ‘प्रिय’ लिहिलं आहे. तो हक्क मला आहे की नाही, ते पत्र संपल्यावर तुम्ही ठरवा. विहीणबाई गेल्यापासून मिरजेच्या घरात तुम्ही एकटे आहात, त्यात गुडघा असा. मला तुमच्यापाशी काही कबूल करायचं आहे; लगेच जमत नाही, म्हणून आधी झाडाचं सांगतो.

माझ्या खिडकीसमोर उंबर आहे, सध्या फळांनी लगडलेला. सकाळी शेंड्याला तांबट बसतात, मधल्या फांद्यांवर बुलबुल, खाली पडलेलं साळुंक्या टिपतात, आणि दिवेलागणीनंतर वटवाघळं येतात. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हा वर्गच वाटतो: पुढचा बाक, मागचा बाक आणि रात्रशाळा. आपल्या शाळेतल्या कवितांत पक्षी नुसते गात असत. ते जेवतात कुठे, राहतात कुठे, हे कुठल्या कवीने सांगितलं नाही आणि मीही मुलांना कधी विचारलं नाही.

खोडात एक ढोली आहे. तिथे मात्र वाटणी नाही. पोपटांची जोडी आधी आली होती. साळुंक्यांनी आठवडाभर ओरडून, चोची मारून तिला हुसकलं. मी खुर्चीत बसून पाहत होतो. कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. अंडी दोघांनाही घालायची होती.

शेजारच्या महानंदाबाई बेळगावकडच्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्या म्हणाल्या, दोन जातींच्या गरजा अगदी सारख्या असल्या की एका जागी दोघी टिकत नाहीत, एकीला जावं लागतं. वेळेत, उंचीत, खाण्यात फरक पडला तर निभतं. किती फरक लागतो, मी विचारलं. “स्वल्प साकु, अण्णा!” थोडा पुरे. इथे बसमध्ये, दुकानात हा ‘स्वल्प’ दिवसातून दहादा कानावर पडतो आणि मला दर वेळी स्वल्पविराम आठवतो. वाक्य न संपवता जरासं थांबायचं, पुढच्या शब्दाला जागा द्यायची.

गेल्या मे महिन्यात तुम्ही आठ दिवस आला होता. आपली सिद्धी दिवसभर तुमच्या भोवऱ्याला जाळी गुंडाळत बसायची. मी तिच्यासाठी खास आठवून ठेवलेली कविता म्हणू लागलो, तर दुसऱ्याच कडव्याला म्हणाली, “आजोबा, हळू ना, भोवरा गुणगुणतोय तो ऐकू दे.” तुम्ही हसलात, मीही हसलो. पण त्या दिवशी मी दोन वेळा फिरायला गेलो.

डिसेंबरात सुखदाने माझ्या खोलीचं माप घेतलं आणि एक घडीची कॉट आणली. म्हणाली, “नाना, बाबांना इथेच आणू या. पण तुम्हीच लिहा. मी बोलावलं तर मुलीच्या घरी राहायचं नसतं म्हणतील. सासऱ्यांनी बोलावलं की गोष्ट वेगळी.” मी हो म्हणालो. पंधरा दिवसांनी तिला सांगितलं की उत्तर आलं, भगवंतरावांना ते प्रशस्त वाटत नाही. तिने कॉट प्लास्टिकसकट दाराआड उभी करून ठेवली. तुमचा शब्द मोडायला नको म्हणून फोनवरही तिने तुमच्यापाशी विषय काढला नाही.

भगवंतराव, ते पत्र मी लिहिलंच नव्हतं. हे ते पत्र.

काल मी कॉटचं प्लास्टिक काढलं. आज संध्याकाळी सुखदाला खरं सांगणार आहे; त्याआधी हे पेटीत टाकतो, म्हणजे मागे फिरायला वाव राहणार नाही. मी पाचला उठतो, तुम्ही सातला. तुम्हाला गुडघ्यासाठी ऊन लागतं, मला सावली. खिडकीची बाजू तुमची. सिद्धीच्या बाबतीत मात्र आपल्या दोघांच्या गरजा अगदी सारख्या आहेत, तिथे मी सरकेन. या,

तुमचाच,
हरी