जेवणाच्या टेबलावरचं सिलिंडर हेड

कोल्हार, रविवार

ती. सुहासदादास,

हेमचंद्राचा नमस्कार. तुझी साखर खाली यावी आणि वहिनींचा गुडघा वाकावा, ही साईचरणी प्रार्थना. (तुम्ही त्यांच्या शेजारीच लॉज चालवता, तेव्हा ती पोचायला उशीर लागू नये.) फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण या घरात सध्या मोठ्यानं बोलायची सोय उरलेली नाही.

आधी एक गाऱ्हाणं, थेट मानवाधिकार आयोगापुढे मांडण्याच्या लायकीचं. गेले बावीस दिवस मी मांडीवर ताट घेऊन जेवतो आहे. जेवणाच्या टेबलावर जीपच्या इंजिनाचं सिलिंडर हेड पहुडलेलं असतं आणि धूळ बसू नये म्हणून सुनीतीनं त्यावर आमच्या लग्नात आलेला भरतकामाचा रुमाल पांघरला आहे. मला तिनं पडशातसुद्धा इतक्या मायेनं झाकलेलं नाही.

कारण तुझी पुतणी. येत्या वीस तारखेला नगरजवळच्या माळावर जीपची शर्यत आहे आणि भार्गवी स्वतः चालवणार आहे. ती आणि रस्त्यावरच्या गॅरेजचा कानिफनाथ यांनी तीन वर्षं खपून जुन्या डिझेल इंजिनाला टर्बो बसवला. टर्बो आत हवा कोंबतो, मग आतला दाब हेडला, म्हणजे इंजिनाच्या झाकणाला, वर ढकलतो, आणि हेड उचललं गेलं की खेळ संपला. ते दाबून धरायचं बोल्टनं की स्टडनं, यावर आमच्याकडे पंधरा दिवस जे चाललं, तेवढं माझ्या लग्नाच्या याद्यांवरही चाललं नव्हतं. मला कळलं ते असं: बोल्ट म्हणजे सणावाराला येणारा जावई. दर खेपेला त्याला पिळत पिळत बसवायचं, आणि दर खेपेला ब्लॉकचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडाचे, आटे थोडे झिजतात. स्टड म्हणजे घरजावई. एकदा हातानं आत बसवला की तो तिथलाच. वरून फक्त नट आवळायचा, पीळ नाही, नुसता ताण. भार्गवी अर्थातच घरजावयाच्या बाजूची. कानिफनाथचं म्हणणं वेगळं. “सर, स्टड लई भारी हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन मग हेड सरळ वरच उचलावं लागतंय, आन् वर जागा कुठं हाय? माळावर हेडखालचं गॅस्केट उडालं तर आख्खं इंजिन उतरवायचं का?”

दोघंही बरोबर. म्हणून निकाल माझ्याकडे आला. मी मराठीचा प्राध्यापक. कशानं काम लवकर उरकेल एवढंच विचारलं. बोल्टनं, असं कळलं. मी बोल्ट म्हणालो. (तो न्याय नव्हता, मांडीवरचं गरम वरण होतं.)

गुरुवारी हेड एकदाचं घराबाहेर पडलं. कानिफनाथ टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लावला ते मोजणारा पाना, घेऊन आवळू लागला. जोर पुरता झाला की तो पाना ‘कट्’ म्हणतो. तिसऱ्या फेरीला ‘कट्’ झालं, पण ते पाना म्हणाला नव्हता, ब्लॉक म्हणाला होता. भोकापासून कडेपर्यंत उभी चीर. बोल्ट काढून पाहिला तर भोकात ओल. ही भोकं तळाशी बंद असतात. आत पाणी राहिलं की बोल्ट खाली येताना त्याला पळायला वाट नसते, मग ते ब्लॉकचं बीडच फोडतं. भार्गवी म्हणाली, हवा मारून भोकं कोरडी केली नव्हती. कानिफनाथ म्हणाला, “ताई, मी सोता हवा मारल्ती. ठणठणीत कोरडी केल्ती.” ती म्हणाली, “मग पाणी काय आभाळातून पडलं?” त्यानं पाना पुसला, पेटीत ठेवला आणि चहाला म्हणून गेला तो परत आला नाही.

तीन दिवस दोघं बोललेले नाहीत. हेड परत टेबलावर आलं आहे. भार्गवी त्याच्यासमोर नुसती बसून असते. शर्यत जाईलच, पण त्याहून ही जोडी जाईल, या धास्तीनं मी पहाटेपासून जागा असतो. ओल कुठून आली ते परमेश्वरालाच ठाऊक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
हेमचंद्र

ता. क.: तुझ्या लॉजमागे जी जीप उभी आहे, जिच्या बॉनेटवर वहिनी पापड वाळवतात, तिचं इंजिन नेमकं हेच. त्यातला ब्लॉक हवा आहे. पापडांसाठी चारपाई पाठवतो.

ता. क. २: परमेश्वराला ठाऊक आहे, कारण ते त्याच्यासाठीच होतं. गुरुवारी सकाळी ती दोघं हेड आणायला घरी आली, तेव्हा गॅरेजमध्ये मी एकटा होतो. उघड्या ब्लॉककडे बघता बघता पोरगी त्या वेगात दिसू लागली. बनुबाईच्या दुकानातून नारळ आणला आणि ब्लॉकवरच फोडला. मी, जो दर दसऱ्याला ट्रॅक्टरच्या लिंबू-मिरचीवर लेख लिहून गावाला शहाणपण शिकवतो. वरचं पाणी रुमालानं टिपलं. भोकांत डोकावलो नाही. हे कुणाला सांगू नकोस.

ता. क. ३: वरची शेवटची ओळ रद्द. आत्ताच कानिफनाथकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “आन् खोबरं?” म्हटलं, खाल्लं, भीतीनं. तो हसला नाही. “ब्लॉक आला की कळवा, मी येतो. पन ताईला मी सांगनार न्हाई. ते तुमचं हाय.”

आता या वयात लेकीसमोर तोंडानं बोलणं जमेना, म्हणून या पत्राची आधीची पानं तिच्या हातात दिली आहेत. हे शेवटचं पान ओट्याशी उभा राहून लिहितो आहे. ती अजून पहिल्याच पानावर आहे, आणि हसते आहे.