सुटी फळी

तात्या, तुमचं कुंपण मी दुरुस्त केलं. सुतार बोलावला नाही. साताऱ्याच्या घरामागचं, आपलं परस आणि शेजारच्या अण्णांचं परस यांच्यामधलं. दोन खांब बुडाशी कुजून कलले होते. बाभळीचे नवे आणले, बुडाला डांबर फासलं, तुम्ही फासायचात तसं. खिळा आधी साबणावर घासायचा हेही लक्षात होतं. तरी अकरा खिळे वाकले. त्यानंतरचे मी मोजले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. अण्णा पलीकडे खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पोरी, खिळा ठोकतीस का त्याची समजूत काढतीस?"

खरं तर मी सांगलीहून आले ती कुंपणासाठी नव्हे. आईची साखर काही केल्या उतरत नव्हती. डॉक्टर गोळ्या वाढवत होते आणि आई शपथेवर सांगत होती की गोडाचा कण पोटात जात नाही. या महिन्यातही उतरली नाही तर तिला सांगलीला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या बसल्या. पेरूच्या झाडामागची तेवढी वरच्या एका खिळ्यावर लोंबत होती, ढकलली की बाजूला सरकायची. तिच्यावर मुंग्यांची रांग. आणि मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी आठवली. हीच फळी, अशाच मुंग्या. फळीला वाळवी लागली असं ठरवून मी औषधाची पुडी घेऊन उभी आहे आणि तुम्ही, ज्यांच्या वाफ्याची एक वीटही कधी तिरकी नसायची, ओरडताय, "त्या फळीला हात लावायचा न्हाई! कालिजात गेलीस म्हणून लय शानी झालीस व्हय?" माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो तेवढाच. मी रडत डायरीत लिहिलं, तात्यांना चूक दाखवलेली सहन होत नाही. तुमचा मधुमेह निघाल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. तेही त्याच पानावर आहे. दोन्हींचा संबंध जोडायला मला चोवीस वर्षं लागली, आणि पदवी विज्ञानाची आहे.

या वेळी अडवायला तुम्ही नव्हतात. तीन खिळे ठोकले. तिन्ही सरळ गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फुलं काढायला परसात गेली ती येईना. मी खिडकीतून पाहिलं. परडी खाली ठेवलेली, आणि आई दोन्ही हातांनी फळी हलवतेय. पलीकडून अण्णांचा दबका आवाज आला, "आवं वैनी, सरकवा की! बाटली धरून हात भरून आला."

"सरकंना. पोरीनं ठोकलीया."

"तरी मी तिला म्हणत हुतो, अंधार पडला, आता बास कर!"

बाटलीत काकवी होती, अण्णांच्या कराडकडच्या गुऱ्हाळावरची. मी बाहेर आल्यावर अण्णांनी फटीतून सारं तुमच्यावर ढकललं. "तुझ्या बापाच्या येळंपासनं सुटी हाय ही. त्यानंच खालचे खिळे काढल्यात." मी आईकडे वळले. तुमच्या ताटात भात चमच्याने वाढणारी ही बाई. "तुला हे ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं?" आई म्हणाली. "बाटली धुऊन माघारी कोण देत हुतं?"

तडजोड झाली. काकवी बंद, आणि आई साताऱ्यालाच राहणार. फळी ठोकलेलीच राहील, असं मी बजावलं. तेवढ्यावर ती हिरमुसली. "मग अण्णास्नी सकाळचं बोलायचं कुठनं? दारानं आले की च्या ठेवाया लागतो." एसटी गाठायच्या आधी मी पकड घेऊन पेरूमागे गेले आणि मी ठोकलेले तिन्ही खिळे उपटले. सरळ असल्यामुळे ते लवकर निघाले. वाईट वाटलं.

महिना झाला. काल आईने एसटीडी बूथवरून कळवलं, साखर उतरली. फटीतून आता कोथिंबीर येते म्हणे, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. वाळवीच्या औषधाबद्दल माफ करा. जप्त केलेली बाटली सांगलीला आणून मोरीत ओतणार होते. ओतली नाही. हे पत्र डायरीत ठेवायचं होतं, पण कोपरा चिकट झालाय, मुंग्या लागतील.