टियाऱ्यात अडकलेला केस

प्रिय मृणू,

अक्षर शोभाचं, जीभ माझी. खालच्या मजल्यावरची ही शोभा बँकेतून रिटायर झाल्यापासून नुसती बसून फुगत चालली आहे, म्हटलं चला, हात तरी हलू देत. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस. तू म्हणशील, आजी, फोन का नाही केलास? केला गं. दोनदा केला. दोन्ही वेळा आल्हादने उचलला. 'आजी, ती कामात आहे, मला सांगा ना, मी सांगतो तिला.' आवाज असा गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. लग्न व्हायचंय मार्गशीर्षात आणि तुझा फोन आत्तापासून होणाऱ्या नवऱ्याच्या खिशात! म्हणून शोभा उद्या सकाळच्या बसने इंदूरला येईल आणि तुझ्या दुकानात, तुझ्याच हातात हे देईल. वाचून तिच्याकडे परत दे. पर्समध्ये ठेवू नकोस.

तुझी ती टियाऱ्यांची, विलायती राण्यांच्या डोक्यावरच्या हिऱ्यामोत्यांच्या मुकुटांची, चित्रं अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलेली आहेत. टावर चौकातल्या रद्दीवाल्याकडून तू जुनी इंग्रजी मासिकं आणायचीस आणि कापून कापून घरभर कचरा करायचीस. मला अक्षर कळत नाही, चित्र कळतं, म्हणून सगळं मलाच सांगायचीस. एक तो रशियातल्या बाईसाहेबांचा, क्रांती झाली तेव्हा लपवून देशाबाहेर पळवलेला, पुढे इंग्लंडच्या राणीने विकत घेतलेला. त्यातले लोंबते मोती काढून पाचू लावता येतात, हे सांगताना तुझे डोळेच पाचूसारखे व्हायचे. दुसरा, राजकन्येच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच मोडला, मग पोलिसांच्या पहाऱ्यात सोनाराकडे धावाधाव. तिसरा घातला की त्या देखण्या राजवधूचं डोकं दुखायचं म्हणे. मी म्हणायची, मग काढून ठेवावा की, एवढी राजवाड्यातली बाई, अक्कल नाही का? तू म्हणायचीस, आजी, काढवत नाही, तीच तर गंमत. मी फक्त एक विचारायची आणि तू चिडायचीस: तुझ्या राणीच्या आधी ज्या बाईच्या डोक्यावर होता, तिचं पुढे काय झालं?

तर अशा पोरीला स्थळ सांगून आलं तेच टियारावालं. आल्हादचे पणजोबा एका संस्थानच्या जामदारखान्यात, राजाच्या दागिन्यांच्या राखणीला होते. विलायतेहून आलेल्या महाराजांनी राणीसाठी बनवून घेतला, राणीला बोचला, म्हणून नोकराच्या घरी बक्षीस आला, असं त्याची आई गौरीताई सांगतात. खरं-खोटं महाकाल जाणे. त्यांनी डबा उघडला आणि मी केदारला कोपराने ढोसलं, अरे, तुझी लेक मुलाकडे बघतच नाहीये. तुझा बाप हसला. त्याला वाटलं, आई नेहमीसारखी मस्करी करतेय. चौतिशीपर्यंत मुलगा बिनलग्नाचा कसा, हेही मी विचारलं. 'करिअर,' म्हणाल्या.

आता हसू नकोस. श्रावणात गौरीताई तो टियारा तुझ्या मापाला घेऊन आल्या होत्या ना, तुम्ही सगळ्या स्वयंपाकघरात फराळाला बसलात, तेव्हा मी तो घालून पाहिला. हो, मी! आरशापुढे उभी राहिले. मृणू, काय सांगू, पाठ आपोआप ताठ झाली. दात नाहीत, गाल बसलेले, पण वाटलं, आपण हुकूम करावा आणि शिप्रेने उलटं वाहावं. तुझी ती डोकं दुखणारी राजवधू तो का काढत नव्हती, ते तेव्हा कळलं. काढताना माझे पांढरे केस मागच्या चिमट्यात अडकले. ते सोडवायला गेले, तर त्यांच्याबरोबर आणखी एक निघाला. हातभर लांब, मेंदीने रंगवलेला, टोकाकडे कुरळा. गौरीताईंचे केस सरळ आणि मानेपर्यंत. अगदी मुंडावळ्या बांधल्या तेव्हाही असेच होते, लग्नाचा अल्बम दाखवला की त्यांनी. त्या डबा न्यायला आल्या तेव्हा मी सहज विचारलं, तुमच्या या होणाऱ्या सूनबाईंच्या आधी हा कोणी घातला होता का हो? म्हणाल्या, 'बिलकुल नाही. माझ्यानंतर लॉकरमध्येच.' आणि माझ्या हातातून डबा ओढून घेतला, जसं मी म्हातारी तो गिळणार होते.

तेव्हा मी गप्प बसले. तुझा आनंद बघत होते.

काल चतुर्दशी झाली. तुझे आजोबा रेल्वेत होते आणि रेल्वेखालीच गेले, म्हणून त्यांचं श्राद्ध आपण पितृपक्षात चतुर्दशीला करतो, तुला माहीत आहे. तो त्यांचंच करायचा दिवस, जे आपल्या मरणाने गेले नाहीत. पडून, जळून, बुडून, कुणाच्या हातून. आजारात गेलेल्याचं त्या दिवशी कोणी करत नाही. राम घाटावर केदार गुरुजींबरोबर पिंड सोडायला पाण्यात उतरला होता, मी वर पायरीवर. शेजारच्या पंडितजींनी यजमानाला विचारलं, 'नाम बोलो. क्या लगती थी?' आणि ओळखीचा गोड आवाज म्हणाला, 'केतकी. पत्नी.' मी वळून पाहिलं. धोतर, उघडं अंग, दर्भाची अंगठी. आल्हाद.

त्यानेही मला पाहिलं. विधी उरकून आला, ओल्या हातांनी पाया पडला. मी एवढंच म्हटलं, कुणाचं केलंस रे बाळा? हसला. म्हणाला, 'आजी, या वयात घाटावर येत जाऊ नका. पायऱ्या निसरड्या असतात. माणूस कधी जातं, कळतसुद्धा नाही.' आणि दंड धरून मला वर रस्त्यापर्यंत आणून सोडलं. शोभा म्हणते, वळ निळे पडलेत. रिक्षात केदारला सांगितलं, तर तो म्हणतो, आई, पत्रिका छापून आल्यात, आता नवा तमाशा नको, तुझे कान गेलेत.

कान गेलेले नाहीत. म्हणून हे पत्र. ती केतकी कशी गेली, मला ठाऊक नाही, आणि ते तू त्याला एकटीने विचारायचं नाहीस, फोनवरही नाही. टियारा तुझ्याकडे असेल तर दुकानातल्या पोरींच्या देखत गौरीताईंकडे पाठवून दे. फोन मागायलाही जाऊ नकोस, नवा घेता येतो. शोभा बसली आहे तुझ्यासमोर, चहा संपला की तिच्याबरोबर इकडे माझ्याकडे निघ. बाप ओरडेल, त्याला मी बघते, त्याला मी जन्म दिलाय. मी दाराला कडी लावून बसले आहे. तुझ्या आवाजालाच उघडेन.

तुझीच,
अजून स्वतःच्या दोन पायांवर उभी असलेली
आजी