ताईच्या नावावरचा समुद्र

सोमवार, १

नोकरी, खोली आणि ही वही, तिन्ही आज एकदम मिळाली. शाळेनं मला आणि मी शाळेला दहावीतच सोडलं, त्यामुळे लिहिण्यात चुका होणार. होऊ देत, वाचायला कोण बसलंय!

खोली एका लाँड्रीच्या वर आहे. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कोमट असते, अनवाणी चाललं की पायांचे लाड होतात. भिंती मात्र पांढऱ्याफटक, दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं. घरमालकीणबाईंनी बजावलंय की खिळा ठोकलास तर तुला ठोकीन, कागद चिकटवायचे तर खुशाल चिकटव.

ऑफिस लिफ्टची तपासणी करणाऱ्यांचं. तपासनीस लिफ्ट बघून येतात, ताई अहवाल तयार करते आणि मी नोटीस छापून ती त्या त्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये लावायची. म्हणजे भटकण्याचाच पगार! ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मी आजवर काय काय केलं ते ऐकून (पेट्रोल पंप, सर्कशीचा तंबू, मिठाचं गोदाम, मधे आणखी काहीतरी) तिनं लगेच माझं नाव भटक्या ठेवलं आणि दुपारी अर्धा डबा माझ्याकडे सरकवला.

माणसं चांगली आहेत, पण जाम चिक्कू. सगळे पेन्सिलीनं लिहितात, साहेबसुद्धा. टेबलांवर रबराचा चुरा पसरलेला. कोपऱ्यात एक नवाकोरा प्रिंटर आहे, पण त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. तो म्हणे कंपनीनं भाड्यानं दिलाय. शाई विकत घ्यायची नाही. ज्यानं जितकी वापरली तितकी त्याच्या नावावर चढते, म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर. माझाही साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिला. पांढऱ्या केसांचे हिशेबनीस काका म्हणाले की जपून छाप बाबा, फार छापलं की माणूस गळून जातो. सगळे हसले. मीही हसलो.

दादाला फोन केला. त्यानं अभिनंदन केलं नाही. तुझी नोकरी म्हणजे बसची वाट बघत उभं राहणं, असं म्हणाला. या वेळी त्याला दाखवतोच.

गुरुवार, ४

चिठ्ठी पँटच्या खिशात राहिली आणि पँट लाँड्रीत गेली. लगदा झाला. साहेबांकडे परत मागायची लाज वाटली, पहिल्याच आठवड्यात वेंधळा कशाला ठरा. ताईला हळूच सांगितलं. ती म्हणाली की तुझा मिळेपर्यंत माझा नंबर वापर, पण फक्त काळं छाप आणि मोजकं. हे तिनं तीनदा सांगितलं. एवढं काय, असं मी विचारल्यावर म्हणाली की घरी पोरीमागे धावायला थोडं बळ राहू दे. घरी ती आणि तिची लेक, दोघीच. लेकीला चिमणी म्हणतात. ताईच्या टेबलावर चिमणीनं रंगवलेली तीन पायांची गाय आहे.

आज सहा लिफ्ट झाल्या. एकीत आरसा होता. लोक लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर आधी केस का सारखे करतात, वरच्या मजल्यावर कोण वाट बघत असतं? हे कधीतरी नीट लिहायला हवं.

सोमवार, ८

एक गंमत केली. ताई जेवायला उठल्यावर मोबाइलमधला समुद्राचा फोटो मोठा करून नऊ कागदांवर छापला. कागद कागदाला जोडून लावायचा. नंबर टाकला की प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर चार पट्टे येतात: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. ताईचे चारही भरलेले होते. छापून झाल्यावर निळा थोडा उतरला. थोडासाच.

कागद शर्टाच्या आत घालून घरी आणले. पोटाला गरम लागत होते. कंपनीची शाई, कंपनीचा प्रिंटर, ताईचं काय जातंय? तरी ती जेवून आली आणि काय रे भटक्या, काम झालं का असं विचारलं तेव्हा मी कपाट आवरायला घेतलं. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

भिंतीवर समुद्र काय दिसतो! अंथरुणावर पडलं की थेट पाण्यातच.

शुक्रवार, १२

समुद्र वाढत वाढत दारापर्यंत आलाय. कोपऱ्यात बेटही लावलं.

ताईनं आज डबा पुढे केला तेव्हा तिच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटावर निळ्या शिरा असतात ना, त्या दिसेचनात. मेणाचा हात असावा तसा. मी म्हटलं ताई, कुठलं क्रीम लावतेस? ती म्हणाली, म्हातारपणाचं. मग खुर्चीला धरून जरा उभी राहिली. जिना चढताना हल्ली दम लागतो म्हणाली.

मंगळवार, १६

काल सूर्यास्त छापला. गुलाबी आणि पिवळा, नुसता भडका. आज ताईचे ओठ तिच्या चेहऱ्याच्याच रंगाचे आहेत. तोंड कुठे सुरू होतं ते ती बोलल्याशिवाय कळत नाही.

दुपारी काका सहज बोलून गेले की ते आणि ताई शाळेत एका वर्गात होते. मी हसलो, वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. मागच्या वर्षी प्रिंटर आला तेव्हा सगळ्या इमारतींचे जुने अहवाल पुन्हा छापायचे होते. ते काम काकांच्या नंबरावर झालं. तोवर केस काळेभोर होते, असं म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

यांना माहीत आहे. सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे, फक्त स्पष्ट कुणी बोलत नाही.

गुरुवार, १८

प्रिंटर उघडून बघितला. शाईची जागा कोरडी. डबी नाही, नळी नाही, डाग नाही. बोट फिरवलं तर बोटही स्वच्छच.

दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याला सगळे शाईवाला म्हणतात, आणि शाई आणताना त्याला कधी कुणी पाहिलेलं नाही. गोड माणूस, सारखा हसतो. हातमोजे काढत नाही. मी विचारलं की शाई कुठून येते? तो म्हणाला, ज्याचा नंबर त्याची शाई, पहिल्या दिवसापासून योजना हीच आहे. मी विचारलं की चुकून दुसऱ्याच्या नंबरावर छापलं गेलं तर? तो म्हणाला, सोपं आहे. ज्याच्यावर चढलं त्याचा नंबर टाकायचा, मग आपला टाकायचा, काचेवर हात ठेवून उभं राहायचं. सगळं आपल्या नावावर फिरतं. फक्त मधेच थांबवायचं नाही. थांबवलं तर सगळं परत पहिल्याच्या नावावर जातं. कंपनीला शाईशी मतलब, कुणाची याच्याशी नाही, असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मोज्यातला हात थंडगार होता.

शुक्रवार, १९

साहेबांकडे नंबर मागितला. त्यांनी मान वर न करता लिहून दिला. एवढंच ना, आधी मागायचास, असं म्हणाले. चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्याशा लाजेपायी मी—

नंबर टाकून बघितला. माझे चारही पट्टे काठोकाठ. इतकं बरं वाटलं बघून. स्वतःचं काही भरलेलं मी आजवर पाहिलंच नव्हतं, पगाराचं पाकीटही नाही.

मग तपासनीस ओरडत आले की एका लिफ्टची दोरी तुटायला आलीय, वीस नोटिसा ताबडतोब पाहिजेत. मी छापल्या.

ताईच्या नंबरावर.

बोटांच्या सवयीनं, असं दिवसभर स्वतःला सांगितलं. आता वहीत खरं लिहितो. माझा नंबर समोर होता. दोन आकडे टाकले आणि खोडले.

सोमवार, २२

ताई आली नाही. नोटिसा लावून झाल्यावर तिच्या घरी गेलो. सगळ्या लिफ्टच्या आरशांमध्ये माझे गाल टरटरीत, ओठ लाल.

चिमणीनं दार उघडलं. ताई पलंगावर होती, उशीवर केस पांढरे. चादर, उशी आणि ताई, सगळं एकाच रंगाचं. चिमणी तिच्याजवळ बसून लाल खडूनं तिची नखं रंगवत होती. रंग बसत नव्हता. ती पुसून परत रंगवायची. मला विचारलं की तुझ्याकडे चांगले खडू आहेत का, आई खोडली गेलीय.

ताईनं डोळे उघडले. बुबुळं करडी, धुतल्यासारखी. तिनं विचारलं की तुझा नंबर मिळाला का रे.

मी नाही म्हटलं.

तर म्हणाली, मग संकोच करू नकोस, मिळेपर्यंत माझाच वापर.

मंगळवार, २३

भिंतीकडे पाठ करून बसलोय. समुद्र उखडायला गेलो तर हात लागला तिथे कागद गरम होता. अंगासारखा.

उद्या जाऊन फिरवून घेतो सगळं. उद्या नक्की.

बुधवार, २४

बसमध्ये आहे. सकाळी ऑफिससाठीच निघालो होतो. वाटेत स्टँड लागला. बॅग बरोबर होती. बॅग का भरली होती मी?

गुरुवार, २५

बस शेवटी जिथे थांबली तिथे खरा समुद्र आहे. माझ्या फोटोपेक्षा कितीतरी निळा. बघवत नाही. लाट मागे सरते आणि वाळूवर बारीक बारीक रेषा उरतात, मनगटावरच्या शिरांसारख्या, मग त्याही—

दादाचा फोन. पळालास ना, एवढंच विचारलं. रागानं नाही. त्याला ते वाटतच होतं.

मी फोन ठेवला.

शनिवार, २७

परतीची बस. दादाला कळवलं नाही. आधी करू तर दे.

रविवार, २८

भर दुपार. ऑफिस बंद, पण सकाळी लवकर नोटिसा न्याव्या लागतात म्हणून किल्ली माझ्याकडे असते. खिडकीतून ऊन आलंय. रबराच्या चुऱ्यावर, ताईच्या टेबलावर, तीन पायांच्या गाईवर.

ताईचा नंबर टाकला. तीन पट्टे रिकामे. काळा दोऱ्याएवढा.

माझा टाकला. डावा हात काचेवर. उजव्यानं लिहितोय, काहीतरी केलं नाही तर पाय निघतील, म्हणून. थांबवायचं बटण लिहित्या हाताजवळच आहे. मुद्दाम तिथेच दिलेलं असावं.

सुरू—

निळा उतरतोय. दुखत नाही. गार वाटतं, कुणीतरी आतून खिडकी उघडल्यासारखं. मनगटावर शिरा होत्या. आता नाहीत.

गुलाबी. नखं गेली. ताईच्या पट्ट्यात तळाला थोडं दिसतंय. दिसतंय!

पिवळा. उभं राहवत नाही, टेबलाला टेकलोय.

फोन. चिमणी. खडू न लावता आईची नखं लाल झाली म्हणून ओरडत होती. मागून ताईचा आवाज, कोणाशी बोलतेस गं. ओठ जड—

आता काळा. शाईवाला सांगायचं विसरला, की नाही सांगितलं, काळा उतरताना अंधार होत नाही. उलट. सगळं पांढरं होत जातं. भिंत पांढरी, खिडकी पांढरी. वही—

अंदाजानं लिहितोय. ओळीवर ओळ जात असेल.

अजून किती बाकी ते दिसत नाही. पट्टा दिसत नाही. बटण मात्र बोटाला लागतंय. गोल आहे. दाबलं की सगळं दिसायला लागेल. दाबलं की तिचं परत—

दादा, मी अजून इथेच आहे.

फोन परत वाजतोय. ताई असेल. काचेवरचा हात कुठे संपतो कळत—

ताई तुझा नंबर मी कधीच— मला मिळाला होता शुक्रवारीच मिळाला होता

पांढरं. सगळं. पेन सोडत नाही, नाहीतर हात आपोआप त्या—

बोट त्याच्यावरच आहे ताई मी बटण