श्री पुसायचा कोणी?

॥ श्री ॥
(हा मुद्दाम ठळक काढला आहे.)

बोथ, शनिवार

रा. रा. जावईबापू वैभवराव यांस लक्ष्मणरावाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. पुण्यात तुमचं पित्त कसं आहे, रुपा वेळेवर जेवते का, ते कळवावं. जावयावर आवाज चढवू नये म्हणतात. फोनवर तो चढतो, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

तलमडुगूच्या शेतांत हिंडून मी कापसाच्या पानांचे चार हजार फोटो काढले, कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवायचं म्हणून. कुठल्या फोटोत लाल्या, कुठे दहिया, कुठे करपा, याची यादी डोळे फोडून केली. सोमवारपर्यंत सगळं लावून दिलं नाही तर तुमचे साहेब आपल्या भागातली पानं वगळणार, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणजे ते यंत्र साऱ्या जगाचे रोग ओळखणार आणि आमच्या पानापुढे मुकं बसणार!

आणि फोटो रोगवार वेगळे करणारी तुमची स्क्रिप्ट माझ्या विंडोजवर यादीच्या पहिल्याच ओळीला अडली. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे चालते." चालणारच, तुमचा लॅपटॉप दुसऱ्या घराण्यातला! वर म्हणालात, "पहिल्या ओळीतला श्री काढा." बापू, आमच्याकडे किराण्याची यादीसुद्धा श्रीवाचून सुरू होत नाही. दोन ओळींची बिनश्रीची यादी लिहून पाहिली (न लिहिणं वेगळं, काढणं वेगळं), तर स्क्रिप्ट लाल्यापाशी अडली. म्हणजे श्री निर्दोष!

शेवटी तुमच्या सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हे मराठी हाय म्हून सांगतलं का तुमी त्याले? दफ्तरात गेलं का तेलुगू येत नाई म्हून आपुनच आंधी सांगतो ना." मी हसलो. मग स्क्रिप्ट उघडली. यादी कशी वाचायची हे तुम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. तुमच्या लॅपटॉपने समजून घेतलं, माझ्याने आपल्या मनाने इंग्रजी धरलं. तिथे 'यूटीएफ-८', म्हणजे मराठीही वाच, एवढं घातलं आणि स्क्रिप्ट धावली. इतकं शिकलेल्या माणसाला हे सुचू नये, याचा मला फार राग आला आहे.

आपला,
लक्ष्मणराव

ता. क. फोल्डर तीन हवे होते, चार झाले : लाल्या, दहिया, करपा आणि श्री. तुमची स्क्रिप्ट त्याला कापसाचा रोग समजते!

ता. क. दुसरा : सोमवार परवावर आला. यादी मेलवर पाठवली आहे. माझा हात धजत नाही, तेव्हा तो श्री तिकडून तुम्हीच काढावा. सासूबाईंना सांगू नये.